आधी हाऊसिंग बघा, मग कॅमेरा

मागच्या अंकात पावसात भिजलेल्या कॅमेऱ्यांविषयी लिहिलं, तर पत्रं आली ती समुद्रात न्यायच्या कॅमेऱ्यांविषयी. सुट्टीत अंदमान नाहीतर मालवण गाठायचं, असा बेत बऱ्याच घरांत शिजतोय. कोल्हापुरात बसून समुद्राचे सल्ले देणारा हा कोण, असं कुणाला वाटलं तर सांगून ठेवतो. घाट उतरलं की मालवण, आणि ऑक्टोबर ते मे माझे बरेच रविवार तिकडे पाण्याखाली जातात. आठवड्याचे बाकीचे दिवस दुकानात इतरांचे बुडालेले कॅमेरे उघडण्यात. हाऊसिंग, म्हणजे कॅमेरा ज्यात बंद करून पाण्याखाली नेतात तो डबा, काम करतं तेव्हा कसं असतं आणि करत नाही तेव्हा काय होतं, हे दोन्ही बघायला मिळतं. पत्रं थोडी आटोपशीर करून देतोय.

कॅननचा जी७ एक्स मार्क टू माझ्याकडे आहे. जानेवारीत पत्नी आणि मी अंदमानातल्या हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) स्कूबा डाइव्हिंगचा ॲडव्हान्स्ड कोर्स करणार आहोत, नंतर चार-पाच फन डाइव्ह. हाऊसिंग तीन प्रकारची दिसली: कॅननचं स्वतःचं पारदर्शक प्लॅस्टिकचं, त्याहून बरंच स्वस्त, अनोळखी ब्रँडचं, ज्यावर '६० मीटर' असं छापलंय, आणि ॲल्युमिनियमचं, ज्याची किंमत बघून पत्नीने माझ्या हातातला मोबाइलच काढून घेतला. कुठलं घेऊ? (एक वाचक, ठाणे)

वहिनींचं बरोबर आहे. ॲल्युमिनियमचं तुम्हाला आत्ता नको. पण स्वस्तातलंही नको.

खोलीपासून सुरुवात करू. ॲडव्हान्स्ड कोर्समधली डीप डाइव्ह ३० मीटरपर्यंत जाते. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरवर हाऊसिंगच्या बाहेर चार वातावरणं आणि आत तुम्ही हॉटेलवर बंद केलेलं एक. तीनाचा फरक. दर चौरस सेंटीमीटरला तीन किलो. हाऊसिंगचं मागचं दार १० बाय ८ सेंटीमीटर धरलं, तर त्यावर अडीचशे किलोच्या आसपास भार येतो. चांगलं पॉलिकार्बोनेट हा भार आरामात पेलतं. कॅननच्या प्लॅस्टिकच्या हाऊसिंगवर ४० मीटरची मर्यादा लिहिलेली आहे आणि हौशी डाइव्हरची मर्यादाही ४० मीटरच. म्हणजे खोलीचा प्रश्न तिथेच मिटला. स्वस्त डबीवरचे ६० मीटर तुमच्या कामाचे नाहीत, कारण तुम्ही तिथे जाणारच नाही. त्या डबीच्या विक्रेत्याला एकच विचारा: याची सुटी ओ-रिंग (दाराची पाणी अडवणारी रबरी रिंग) कुठे मिळेल? उत्तर आलं नाही तर छापलेला आकडा कितीही मोठा असो, ती वस्तू एका सीझनची.

माझ्या मते हाऊसिंगची खरी परीक्षा बटणांत असते. प्रत्येक बटण म्हणजे भिंतीतून आत गेलेली एक बारीक दांडी, तिच्याभोवती छोटी ओ-रिंग आणि तिला बाहेर ढकलून धरणारी स्प्रिंग. दांडी ५ मिलिमीटर जाडीची धरली, तर ३० मीटरवर पाणी ती जवळपास सहाशे ग्रॅमच्या जोराने आत ढकलत असतं. स्प्रिंग त्याहून ताकदवान हवी. नसेल तर २०-२५ मीटरवर बटणं आपोआप दाबली जातात आणि दाबलेलीच राहतात. पडद्यावर मेनू उघडतो तो जात नाही, किंवा कॅमेरा जुने फोटो दाखवत बसतो आणि समोरून कासव निघून जातं. वर आलात की सगळं ठीक! दुकानदार म्हणतो, काही बिघाड नाही, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या काउंटरवर दाब नसतो ना. म्हणून घेताना प्रत्येक बटण दाबून बघा. बोटाला थोडं कडक लागलं पाहिजे आणि सोडल्यावर टक्कन बाहेर आलं पाहिजे. लोण्यासारखी मऊ बटणं दुकानात फार आवडतात; ती तशीच ठेवून पुढचं हाऊसिंग बघा.

मग कॅमेरा आत ठेवून बघा की कुठल्या बटणाला दांडी आहे आणि कुठल्याला नाही. तुमच्या कॅमेऱ्यात चार गोष्टी तपासायच्या. शटर अर्धं दाबता येतं का? हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण अर्ध्यावर फोकस धरून ठेवता आला नाही तर हलणाऱ्या पाण्यात निम्मे फोटो गेले. दुसरं, लेन्सभोवतीची रिंग बाहेरून फिरवता येते का? तिसरं, व्हाइट बॅलन्सपर्यंत (रंगांचा तोल बदलायची सोय) नुसत्या बटणांनी पोहोचता येतं का? हाऊसिंगमध्ये टचस्क्रीन मेलेली असते, हे बरेच जण बोटीवर गेल्यावर शोधून काढतात. चौथं, फ्लॅश. जी७ एक्सचा फ्लॅश वर उघडतो. तो आत उघडायला जागा हवी आणि बाहेरून उघडायला खटका हवा. खटका नसेल तर आधीच उघडून मग झाकण लावावं लागतं. त्यातही लेन्सचा पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरची पुढे आलेली खिडकी, फ्लॅशच्या आड येऊन फोटोच्या खालच्या कोपऱ्यात काळी सावली पडते. ती घालवायला पुढे पांढुरकी डिफ्यूझरची पट्टी असते. ती डब्यात आहे ना, बघून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत नसते. सपाट पोर्टमधून पाण्याखाली सगळं एक तृतीयांशाने मोठं दिसतं. तुमची २४ मिलिमीटरची लेन्स तिथे ३२ ची होते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. वहिनी आणि मागची अख्खी प्रवाळभिंत एका चौकटीत हवी, तर मागे सरकावं लागतं. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात मागे सरकून चालतं. ज्यांना ते नको ते पोर्टवर बाहेरून वाइड लेन्स चढवतात. ती पाण्यातच लावता-काढता येते. त्यासाठी पोर्टला आटे लागतात, बहुतेक वेळा ६७ मिलिमीटरचे. ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगचे पैसे वसूल व्हायला लागतात ते इथून पुढे: लेन्सचे आटे, स्ट्रोबच्या (बाहेरून लावायच्या फ्लॅशच्या) फायबर केबलसाठी नीट बसणारी खाच, सगळ्या बटणांपर्यंत पोच, आणि काहींना व्हॅक्यूम पंप. पंपाने आतली थोडी हवा काढायची. मग डाइव्हच्या आधीच, बोटीवर बसल्या-बसल्या, हिरवा दिवा सांगतो की हवा आत शिरत नाहीये, म्हणजे पाणीही शिरणार नाही. रात्रीची झोप त्या दिव्यामुळे लागते, हे खरं. पण कॅमेऱ्याइतके किंवा त्याहून जास्त पैसे त्या डब्यात घालायचे, तर वर्षाला बऱ्याच डाइव्ह व्हायला हव्यात. शिवाय ते हाऊसिंग तुमच्या मॉडेलशी बांधलेलं. उद्या कॅमेरा बिघडला तर तेच मॉडेल जुन्या बाजारात शोधत फिरायचं. सोनीने आरएक्स१०० च्या अनेक पिढ्यांना चालणारं एकच हाऊसिंग काढलं होतं, पण तो अपवाद. मार्क टूचं हाऊसिंग मार्क थ्रीला बसेल असं धरून चालू नका.

तेव्हा कॅननचं प्लॅस्टिकचं घ्या, सोबत एक जादा ओ-रिंग आणि वाचलेल्या पैशांत एक बरा डाइव्ह लाइट. आणि एक न विचारलेला सल्ला: कोर्सच्या डाइव्हना कॅमेरा हॉटेलवरच ठेवा. इन्स्ट्रक्टर बहुधा नेऊच देणार नाही. पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नाही तोवर कॅमेऱ्यात डोळा घालणारा माणूस एक तर प्रवाळावर बसतो, नाहीतर नकळत पाच मीटर वर जातो. हाऊसिंगची पहिली फेरी मात्र कोर्सनंतरच्या पहिल्या डाइव्हला करून टाका. त्यात कॅमेऱ्याऐवजी कोरडा टिश्यू पेपर घाला, बीसीडीला (अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटला) अडकवा आणि खाली घेऊन जा. वर आल्यावर टिश्यूच्या कोपऱ्यात एखादा ओला ठिपका दिसला, तर नुकसान टिश्यूचं.

ऑलिंपसचा टीजी-६ मुळातच १५ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे. मग त्याला वेगळं हाऊसिंग घेणं म्हणजे पैशांचा अपव्यय नाही का? मी ओपन वॉटर डाइव्हर आहे. (एक वाचक, नाशिक)

ओपन वॉटरचं तुमचं डाइव्हिंगचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं आणि कॅमेरा १५ चा. यातच उत्तर आलं. डाइव्ह करताना माणूस १५ वर ब्रेक मारत नाही. खाली काही दिसलं की दोन मीटर आणखी जातो. आपल्याच किनाऱ्याचं उदाहरण घ्या. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे. तिथे प्रवाळाचा माथाच साधारण २० मीटरवर सुरू होतो, म्हणजे उघडा टीजी-६ तिथे पोहोचायच्या आधीच मर्यादेबाहेर गेला. निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू३०० विनाहाऊसिंग ३० मीटरचा होता, पण तोही नवा असताना.

'नवा असताना' यावर माझा जोर आहे. टीजी-६ ला बॅटरीचं एक दार आणि केबलचं एक दार. दोन्हींच्या आत बारीक रबरी पट्टी. ही पट्टी दर वर्षी बदलून घ्या, असं कंपनीच सांगते. किती जण बदलतात? माझ्याकडे येणाऱ्या टीजींमध्ये पट्टीवर हमखास काय सापडतं, तर वाळूचा कण आणि टॉवेलचा धागा. चार्जिंगसाठी रोज उघडबंद होणारं दार हाच या कॅमेऱ्याचा नाजूक भाग.

त्याचं हाऊसिंग पीटी-०५९, मर्यादा ४५ मीटर, पुढच्या टीजी-७ लाही चालतं. माझ्या लेखी नवख्या डाइव्हरला याहून चांगली जोडी नाही. कारण साधं आहे: हाऊसिंगमध्ये पाणी शिरलं तरी आतला कॅमेरा स्वतः वॉटरप्रूफ. कॅनन-सोनीच्या साध्या कॉम्पॅक्टला ही दुसरी भिंत नसते. फोटोंच्या बाबतीत कॅनन किंवा सोनीचा एक इंचाचा सेन्सर सरस आहे, यात वाद नाही. पण टीजीची मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटीमीटरवर फोकस करते. मालवणच्या गढूळ पाण्यात दूरचं काही दिसत नाही तेव्हा नखाएवढी समुद्री गोगलगाय हाच विषय उरतो, आणि तिथे एक इंचवाल्यांना जादा क्लोज-अप लेन्स लावावी लागते. फक्त त्या गोगलगायीसाठी दुसऱ्या हाताने प्रवाळ धरू नका. प्रवाळाला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आणि कायदा नसता तरी हात कापतोच.

ओ-रिंगला ग्रीस किती आणि कुठलं लावायचं? मित्र म्हणतो व्हॅसलीन चालतं. (एक वाचक, रत्नागिरी)

मित्राला पाण्याबाहेर ठेवा.

व्हॅसलीन पेट्रोलियमचं. त्याने सिलिकॉन रबर फुगतं, सैल पडतं आणि खाचेत नीट बसत नाही. ग्रीस हाऊसिंगच्या कंपनीने दिलेलंच वापरायचं, कारण सगळ्यांच्या रिंगा एकाच रबराच्या नसतात. काही सिलिकॉनच्या, काही नायट्राइलच्या. सिलिकॉनच्या रिंगवर भलतंच सिलिकॉन ग्रीस चोळलं तरी ती फुगू शकते. डब्यातली ट्यूब हरवली असेल तर त्याच कंपनीची मागवा. दुसऱ्याची उसनी घेऊ नका.

किती, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पाणी ग्रीस अडवत नाही, रबर अडवतं. दार बंद होताना रबर खाचेत सरकावं, पिळलं जाऊ नये, एवढंच ग्रीसचं काम. जाड थर दिला तर तो थर केस, वाळू, कापूस सगळं धरून ठेवतो. कुकरच्या रिंगचं तेच असतं. ती खरकटी असेल तर कितीही घट्ट झाकण लावा, शिटीच्या आधी बाजूने वाफ येतेच.

माझी पद्धत सांगतो. आदल्या रात्री, पंखा बंद करून (पंखा केस उडवतो), टेबलावर स्वच्छ, धागे न सुटणारं कापड घालून बसायचं. हात धुवायचे, टॉवेलने पुसायचे नाहीत, तसेच वाळवायचे. रिंग काढताना पिन, सुरी, सेफ्टी पिन काही नाही. एका बाजूने दोन बोटांनी रिंग सरकवली की दुसऱ्या बाजूला तिचा फुगवटा वर येतो, तो धरून उचलायची. नाहीच आली तर जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा. मग तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस अंगठा आणि तर्जनीवर घेऊन रिंग त्यातून हलकेच ओढायची, ताणायची नाही. बोटं डोळ्यांपेक्षा हुशार असतात. एखादा कण, एखादी चीर बोटाला आधी कळते. रिंग ओली दिसू नये, नुसती चमकावी. खाच कापडाच्या टोकाने पुसायची, आणि समोरची जी कड रिंगवर दाबली जाते तीही. ही समोरची कड जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. रिंग बसवली की दार बंद करायच्या आधी टॉर्च तिरपा धरून एक प्रदक्षिणा.

सकाळी बोटीवर दार उघडायचं नाही. बॅटरी बदलायची असली तरी शक्यतो नाही. ओले केस, खारा वारा, शेजारच्याच्या वेटसूटमधून टपकणारं पाणी, या सगळ्यात उघडलेली हाऊसिंग पुढे माझ्याकडे येतात.

फोटोंच्या मधोमध पांढरा ढग येतो. पहिली दहा मिनिटं ठीक, मग सुरू. लीक आहे का? (एक वाचक, पुणे)

लीक नाही, घाम. तुम्ही हाऊसिंग बंद केलं तेव्हा आत किनाऱ्याची दमट हवा अडकली. वर ऊन लागून ती तापली, त्यात कॅमेरा स्वतः गरम होतो. पाण्यात गेल्यावर पोर्टची काच आधी गार पडते आणि आतली वाफ तिच्यावर बसते. ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये हे कमी होतं, कारण धातूची भिंत उष्णता पटकन बाहेर टाकते आणि वाफ भिंतीवरच धरते. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये काचच सापडते.

उपाय: दार एसीच्या खोलीत बंद करा. ती हवा कोरडी असते. आत सिलिका जेलची एक-दोन पाकिटं, ताजी. रंग बदललेली पाकिटं घालून उपयोग नाही. आणि पाकीट कॅमेऱ्याच्या खाली नीट खोचा. त्याची कड दारात अडकून रिंगखाली राहिली, हे पाणी शिरण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. ढग घालवायला घेतलेलं पाकीट कॅमेरा घालवतं. बोटीवर हाऊसिंग उन्हात ठेवू नका, ओल्या टॉवेलखाली ठेवा. दोन फोटोंच्या मध्ये पडदा बंद करा.

मालवणला काढलेले सगळे फोटो हिरवेगार. लाल फिल्टर घेऊ का? (एक वाचक, बेळगाव)

लाल नाही, मॅजेंटा. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी, अंदमान-लक्षद्वीपसाठी. आपलं पाणी प्लँक्टनमुळे हिरवं, तिथे गुलाबीसर जांभळा मॅजेंटा लागतो. हाऊसिंगच्या पोर्टवर तो बसतो का, हे विकत घेतानाच बघायचं. पाणी लाल रंग आधी खातं. पाचेक मीटरवरच तो बराचसा गेलेला असतो. फिल्टर उरलेल्यातून समतोल साधतो, गेलेला रंग परत आणत नाही. शिवाय तो स्वतः प्रकाश खातो. खोल गेल्यावर काढून टाका, आणि फ्लॅशबरोबर कधीच वापरू नका.

फ्लॅशचं म्हणाल, तर मालवणात कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश बंदच ठेवा. लेन्सच्या इतक्या जवळून प्रकाश गेला की पाण्यातला कण न कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडतो. प्रकाश बाजूने, हाताच्या अंतरावरून आला पाहिजे. म्हणून ट्रे, दांडी आणि त्यावर लाइट किंवा स्ट्रोब. हाऊसिंगच्या तळाला ट्रेचा स्क्रू बसायला भोक आहे का, हे दुकानात कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. तोवर रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो काढा आणि विषयापासून एका हातापेक्षा लांब राहू नका.

तारकर्लीला आयुष्यातली पहिली स्कूबा करणार आहोत, चौघं जण. मोबाइलसाठी झिपचं पाऊच पुरेल का? (एक वाचक, सोलापूर)

पाऊच होडीत बसून फोटो काढायला ठीक. डाइव्हला नको. खाली गेलं की आतली हवा दाबली जाते, प्लॅस्टिक पडद्याला चिकटतं, टच चालत नाही, आणि हात सुटला की फोन कायमचा गेला. पहिल्या डाइव्हला तुमचे दोन्ही हात आणि पूर्ण लक्ष कान मोकळे करण्यात आणि श्वासात हवं. इन्स्ट्रक्टरबरोबरचा माणूस गोप्रो घेऊन असतोच. नवीन गोप्रो नुसता १० मीटर आणि हाऊसिंगमध्ये ६० मीटर जातो, ते त्याचं कामच आहे. निघण्याआधी एवढंच विचारा की व्हिडिओ पॅकेजमध्ये धरलाय का आणि मेमरी कार्डावरून तिथेच फोनमध्ये देणार का.

फुजैराला डाइव्हिंग करते. इथल्या क्लबात एक जण सोनी आरएक्स१०० मार्क फाइव्ह-ए, ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगसह विकतोय. हाऊसिंग पाच वर्षांचं, पोर्टवर ओरखडे. घ्यावं का? (एक वाचक, दुबई)

कॅमेऱ्याची निवड चांगली आहे. फाइव्ह-ए ची लेन्स २४-७०, आखूड. त्यामुळे पोर्ट आखूड आणि बाहेरून वाइड लेन्स लावली तर कोपरे काळे पडत नाहीत. पुढच्या सिक्स आणि सेव्हनमध्ये सोनीने २४-२०० दिली. जमिनीवर ती भारी, पाण्याखाली मात्र लांब पोर्टमुळे वाइड लेन्सचं गणित बिघडतं. नवीन मॉडेल म्हणजे चांगलं, हा नियम इथे उलटा चालतो.

ओरखडे बाहेरून असतील तर फार घाबरू नका. पाणी त्यांत भरतं आणि ते बरेचसे दिसेनासे होतात. आतून असतील तर दिसतात, आणि सूर्याकडे कॅमेरा केला की हमखास दिसतात. खरी तपासणी वेगळी. प्रत्येक बटणाच्या मुळाशी पांढरी पूड दिसते का? ती मिठाची. डाइव्हनंतर हाऊसिंग गोड्या पाण्यात भिजवून बटणं दाबली नाहीत, की दांडीच्या खाचेत मीठ सुकतं आणि आतली छोटी रिंग कापतं. मुख्य ओ-रिंग तुम्ही बदलू शकता, या छोट्या रिंगा बदलायला हाऊसिंग सर्व्हिसला द्यावं लागतं. पाच वर्षांत ते कधी दिलं होतं, पावती आहे का, हे त्या गृहस्थांना विचारा. पावती नसेल तर सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करून बोला. आणि पैसे द्यायच्या आधी रिकामं हाऊसिंग एका डाइव्हला घेऊन जाऊ द्या म्हणावं. क्लबातलाच माणूस आहे, नाही म्हणायचं कारण नाही.

डाइव्ह चालू असताना हाऊसिंगमध्ये पाणी दिसलं तर काय करायचं? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

पहिलं: वर पळायचं नाही. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने नाही, आणि ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा सोडायचा नाही. कॅमेरा दुरुस्त होतो किंवा नवा येतो. बडीला (जोडीदार डाइव्हरला) खूण करा, कॅमेरा बंद करा, हाऊसिंग असं धरा की पाणी बॅटरीपासून लांबच्या कोपऱ्यात साचेल. पारदर्शक हाऊसिंगचा हा एक मोठा फायदा, पाणी कुठे आहे ते दिसतं.

बोटीवर आल्यावर हाऊसिंग बाहेरून पुसून, ज्या कोपऱ्यात पाणी आहे तो खाली ठेवून उघडा. बॅटरी लगेच बाहेर. 'चालू होतो का बघू' म्हणून बटण दाबलंत तर तिथेच संपलं. भिजलेल्या कॅमेऱ्याला नुसतं मीठ लगेच मारत नाही, मीठ आणि वीज मिळून मारतात. मेमरी कार्ड काढा, गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, फोटो बहुतेक वाचतात. खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका. कॅमेरा पूर्ण भिजला असेल तर तो गोड्या पाण्यात बुडवा, मीठ निघू द्या, मग वाळवून दुरुस्तीला. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन दिवस खारट राहिलेल्या कॅमेऱ्यात बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढलेला असतो आणि झूमची नळी कण्हत अर्ध्यावर अडकते. त्यानंतर माझ्या हातात स्क्रू काढण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. तांदळात पुरून ठेवलेले कॅमेरेही येतात. त्यांत मीठही असतं आणि तांदळाचं पीठही.

बोटीवर कॅमेरे धुवायला ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या टबाबद्दलही सांगतो. पाणी शिरतं ते बऱ्याचदा तिथेच. खोलवर दाब रिंग घट्ट धरून ठेवतो, टबात तो नसतो. त्यात वरून चार जणांचे कॅमेरे एकमेकांवर आदळत असतात, कुणाच्या तरी दाराचा खटका कुणाच्या तरी दोरीत अडकतो. हाऊसिंग बुडवा, हलवा, बटणं दाबा, आणि उचला. टबात सोडून जेवायला जाऊ नका. सावकाश भिजवणं खोलीवर, स्वतःच्या बादलीत.

विमानात हाऊसिंग बंद ठेवून न्यायचं की उघडं? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

बंद नको. वर केबिनमधला दाब कमी असतो, खाली उतरल्यावर वाढतो, आणि आत कमी दाबाची हवा कोंडली गेली तर दार उघडता उघडत नाही. मुख्य ओ-रिंग काढून झिपच्या छोट्या पिशवीत ठेवा. दार नुसतं टेकवून, मध्ये कापडाची घडी घालून न्या. पोर्टवर टोपी. हाऊसिंग चेक-इन बॅगेत कपड्यांमध्ये गेलं तरी चालेल. कॅमेऱ्याच्या आणि डाइव्ह लाइटच्या जादा लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. लाइटमधली बॅटरीही काढून ठेवा. बॅगेत बटण दाबलं जाऊन पेटलेला मोठा लाइट पाण्याबाहेर चांगलाच तापतो.